आमचा ब्रुनो तसा नाहीये हो मॅडम

"घरात इतका गरीब आहे, पोरं कान ओढतात तरी हूं का चूं करत नाही, मग दुसऱ्या कुत्र्यावर असा का तुटून पडला? उद्या माणसांना चावेल का? देऊन टाकू का कुणाला?" हे प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलेत की हल्ली पहिल्या वाक्यालाच पुढचं कळतं. मी काही कुत्र्यांची ट्रेनर नाही, माणसांची समुपदेशक आहे, नाशिकला कॉलेज रोडला बसते, लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून नाहीतर नवराबायकोत बोलणं बंद झालंय म्हणून, आणि अर्ध्या तासाने समजतं की भांडणाचं मूळ घरातल्या कुत्र्यात आहे. म्हणून एका कुटुंबाचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

इंदिरानगर भागातली सोसायटी. नवरा अंबडच्या कंपनीत, बायको शिक्षिका, मुलगी नववीत आणि ब्रुनो नावाचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, तीन वर्षांचा होत आलेला. त्याच बिल्डिंगमध्ये नोट प्रेसमधून रिटायर झालेले एक काका, त्यांची म्हातारी पॉमेरियन कुत्री. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ब्रुनोने तिला मानेला धरून झटकलं. काकांनी मधे हात घातला, त्यांच्या मनगटालाही दात लागले. तिला टाके, काकांना इंजेक्शनं आणि सोसायटीचा ग्रुप पेटलेला ते वेगळंच.

पहिल्या दिवशी तिघंही आले. बाई रडत होत्या, "मॅडम, तो तसा नाहीये हो." नवरा म्हणाला, "एका सेकंदात झालं सगळं, कोणीच काही करू शकलं नसतं." मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

मी विचारलं, "काकांकडे जाऊन आलात?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "जाणार होतो. पण काय तोंडाने जायचं?"

हे नेहमीचं आहे बरं का. घटनेला आठवडा झालेला असतो, रडून डोळे सुजलेले असतात, पण ज्याचं कुत्रं फाटलं त्याच्या दारात कोणी गेलेलं नसतं. अपराधीपणाची मजा अशी की तो दिसतो दुसऱ्याच्या दुःखासारखा पण आत सगळा मी-मी-मी चालू असतो, मी कसली मालकीण, लोक मला काय म्हणत असतील. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर तयार झालेली, त्यामुळे कुणी माणसाला सरसकट चांगला-वाईट ठरवायला लागलं की माझे कान टवकारतात. कृतीला मार्क द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका हे मी रोज सांगते, कुत्र्याला मात्र पहिल्यांदाच लावत होते! ब्रुनो चांगला की वाईट यावर तुम्ही वर्षभर बोललात तरी उद्या सकाळी त्याला खाली कसा न्यायचा ते ठरत नाही.

माणसांना चावेल का याचं उत्तर आधी देऊन टाकते कारण भीती त्याचीच जास्त असते. दुसऱ्या कुत्र्यावर जाणं आणि माणसावर जाणं या बऱ्यापैकी वेगळ्या गोष्टी आहेत, एक करतो म्हणजे दुसरं करणारच असं नाही. पण चालू मारामारीत हात घातला तर तुमचा लाडकाही चावेल, त्या क्षणी त्याला हात कुणाचा ते कळत नसतं. तसं काही झालंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, घरचं कुत्रं आहे, लस झालेली आहे वगैरे सगळं डॉक्टरला सांगा पण आपणच ठरवून घरी बसू नका.

एक काम मी लगेच दिलं, व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन ब्रुनोची पूर्ण तपासणी. वागणं बदललं की आधी दुखणं शोधायचं, कान, दात, कंबरेचे सांधे. निघालंच, उजव्या कानात जुनं इन्फेक्शन. पुढच्या वेळी नवरा जवळपास आनंदात आला, "बघा मॅडम, कान दुखत होता बिचाऱ्याचा!" मी म्हटलं औषध द्या, आणि कान बरा झाला की पुन्हा मोकळा सोडणार का ते सांगा. कारण सापडलं म्हणजे जबाबदारी सुटली असं नसतं ना. ते जरा नाराज झाले माझ्यावर.

आणि मग ते सेशन. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही पार्किंगमधला सीसीटीव्ही आहात असं समजा. हल्ल्याच्या आधीची दहा सेकंद सांगा. गरीब, बिचारा, अचानक असलं काही नको, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच."

"लिफ्टमधून बाहेर आलो. पट्टा माझ्या हातात होता."

"हातात की गळ्यात?"

"हातात. खाली आलो की काढतोच मी. काका गेटकडून येत होते, त्यांची ती पुढे. ब्रुनो तिकडे बघत होता, आणि मग तो गेला."

मुलगी पहिल्यांदा बोलली. "बाबा, तो आधी थांबला होता. तोंड मिटलं त्याने. शेपूट वर, एकदम कडक. मागच्या महिन्यात जॉगिंग ट्रॅकवर त्या काळ्या कुत्र्याला बघून झाला होता ना, तस्सा."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी पण नाही. अशा वेळी मधे बोलायचं नाही हे मी खूप वर्षांनी शिकलेय आणि ते मला चांगलं जमतं असं म्हणायला हरकत नाही.

शेवटी नवरा म्हणाला, "दिसलं होतं मला. पट्टा लावायला वेळ पण होता. पण काका समोरून येत होते, त्यांच्यासमोर घाईघाईने पट्टा अडकवला असता तर त्यांना वाटलं असतं यांचा कुत्रा डेंजर आहे."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "व्हेटने तोंडाला बांधायचा मझल सुचवला होता सहा महिन्यांपूर्वी. मीच नको म्हटलं. लोक काय म्हणतील, लॅबला मझल?"

मला त्या दिवशी जे लख्ख दिसलं ते त्यानंतर किती घरांत दिसलंय. आपल्याला वाटतं निष्काळजी, बेफिकीर लोकांचे कुत्रे हल्ले करतात. असतात तसलेही, पण माझ्यासमोर येतात ते जिवापाड प्रेम करणारे, आणि त्यांची खबरदारी नेमकी त्या प्रेमाच्या अभिमानापायी सुटलेली असते. आपला कुत्रा चांगला आहे हे चारचौघांत सिद्ध करायचं म्हणून पट्टा सैल, म्हणून "काही करत नाही हो तो, फ्रेंडली आहे" असं लांबूनच ओरडायचं, म्हणून गुरगुरला तर त्याच्याच तोंडावर चापट. कुत्र्याची इमेज सांभाळता सांभाळता कुत्राच सुटतो हातातून. आणि ती इमेज खरं तर कुत्र्याची नसतेच, आपली असते. हे नवऱ्याला पटलं तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, शब्दशः, मी बघितलं. म्हणाले, "म्हणजे तो डेंजर आहे का नाही हे मला ठरवायचंच नाहीये." नाहीच ठरवायचं! तो काही परिस्थितींत हल्ला करतो, त्या तुम्हाला माहितीयेत, त्या टाळायच्या, बस.

गुरगुरण्याचं जरा जास्त सांगते कारण यात सगळेच चुकतात. नाशिककरांना नदीपात्रातला दुतोंड्या मारुती माहितीये, गोदावरीला पाणी वाढलं की सगळे बघतात मारुती कुठपर्यंत बुडाला, गुडघा, कंबर, छाती. त्याला ताडपत्री टाकून झाकला तर पूर थांबेल का? गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारलं की तो गुरगुरणं सोडतो, आतलं पाणी वाढतच असतं, आणि मग एके दिवशी तो न सांगता चावतो आणि आपण म्हणतो एका सेकंदात झालं. त्याच्याही आधीच्या खुणा असतात, तोंड फिरवणं, उगाच जांभई, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मग ते थिजणं आणि टक लावणं. थिजला की वाट बघायची नाही, वळून चालायला लागायचं.

आणि लहानपणी सगळ्यांशी खेळायचा हो, हे प्रत्येक जण सांगतो. खेळत असेल. पण साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रे मनाने मोठे होतात आणि बऱ्याच जणांना अनोळखी कुत्र्यांची पहिल्यासारखी आवड राहत नाही, त्यात बिघडलं काही नाही. प्रत्येक कुत्र्याला मित्र हवेतच हा हट्ट माणसांचा आहे. पट्ट्यावर असताना समोरासमोर भेटवणं तर अजिबात नको, पट्टा ताणला की दोघांनाही ना मागे जाता येतं ना वळून वास घेता येतो. नसबंदीचं सगळे विचारतात, व्हेटशी जरूर बोला, पण ऑपरेशन झालं की स्वभाव बदलेल या आशेवर पट्टा सोडू नका.

ब्रुनोचं काय ठरलं? साधा सहा फुटी पट्टा, तो सुटत जाणारा रीलचा नाही, आणि पट्टा घरातच लावायचा, लिफ्टच्या आधी. जाळीचा मझल, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं, कापडी घट्ट पट्टी नको, त्यात कुत्र्याला अंग थंड करता येत नाही आणि आपल्याकडचा एप्रिल-मे माहितीये तुम्हाला. मझल एकदम चढवायचा नाही, आधी त्यात चिकन ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, हे काम मुलीने घेतलं आणि मोठ्यांपेक्षा बरं केलं. एक ट्रेनर गाठला, मारणारा नाही असा बघून. लांबवर दुसरा कुत्रा दिसला की ब्रुनो थिजायच्या आत खाऊ, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद, मग कित्येक आठवड्यांनी अंतर थोडं कमी, घाई केली की पाटी कोरी.

मारामारी लागलीच तर ओरडून उपयोग नाही, गळ्यातल्या पट्ट्याला हात घालायला जाऊ नका. पाणी ओता, मधे खुर्ची, फळी, स्कूटीवरचं कव्हर, काय मिळेल ते घाला. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे मागे सरकायचं. चावलेल्या कुत्र्याला त्याच दिवशी व्हेटकडे न्या, बाहेरून दोनच भोकं दिसतात आणि आत मांस सुटलेलं असतं, केसांखाली कळत नाही. लहान कुत्र्याचं तर जास्तच.

कायद्याचंही बोललो आम्ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम 291 सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतकी खबरदारी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाई घाबरल्या. काकांनी तक्रार केली नव्हती. आणि कुत्र्याच्या जातीवर जाऊ नका, मार्च 2024 मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं, कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं, पण त्या यादीत लॅब नव्हताच आणि काकांच्या कुत्रीला टाके लॅबमुळेच पडले.

देऊन टाकायचं का? तो बाईंचा प्रश्न मी शेवटपर्यंत ठेवला होता. घरात दुसरा कुत्रा आहे, सांभाळायला अंगात ताकद नाही, कोणी पट्टा लावायलाच तयार नाही, तर विचार करा, पण घेणाऱ्याला सगळं खरं सांगून. लपवून दिलात तर पुढचा हल्ला दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये. आणि रस्त्यावर सोडणं ही क्रूरता आहे, पाळलेल्या कुत्र्याला तिथे जगता येत नाही. या घराला मात्र गरज नव्हती.

काकांकडे ते चौथ्या आठवड्यात गेले, नवरा-बायको दोघं. काय बोलायचं ते आम्ही आधी बसवलं होतं कारण माफीत "पण" आला की माफी गेली. "काका, पट्टा माझ्या हातात होता, मी लावला नाही. तिचा सगळा खर्च आमचा. आजपासून तो मझलशिवाय खाली येणार नाही." कानाच्या इन्फेक्शनचा विषय काढायचा नाही हे नवऱ्याला मी दोनदा बजावलं होतं. काकांनी चहा विचारला नाही. बिलं ठेवून घेतली आणि म्हणाले, "तुमची खाली यायची वेळ तेवढी सांगा, ती अजून लिफ्टपाशी मुतते भीतीने." मग वेळा ठरल्या, साडेसहापर्यंत काका, त्यानंतर ब्रुनो.

शेवटच्या भेटीत नवऱ्याने विचारलं, आता कधी मोकळा सोडता येईल? चार भिंतींच्या आत, दुसरा कुत्रा नसताना, खुशाल. पार्किंगमध्ये कधीच नाही. चेहरा पडला त्यांचा, पडू दे. मुलीने तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज दाखवला, ब्रुनोचा मझल घातलेला फोटो आणि खाली, "आमचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांवर जातो, प्लीज तुमचा जवळ आणू नका, आमच्या वेळा या आहेत." पहिला रिप्लाय बी विंगमधल्या एका काकूंचा होता, हा मझल कुठे मिळतो, आमच्याकडेही लागेल.