वाचकांचे प्रश्न : कोरफड पोटात घेताना

प्रश्न : गच्चीवर कोरफड भरपूर वाढली आहे. महिनाभर रोज एक पान काटे काढून, सालासकट मिक्सरमधून फिरवते आणि उपाशीपोटी अर्धी वाटी घेते. पोट साफ होतं, पण मुरडा येतो, दिवसातून तीन-चारदा जावं लागतं. शेजारीण म्हणते, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. बाहेर पडतंय ते पाणी आणि त्याच्यासोबत पोटॅशियम. सालासकट घेणं आजच थांबवा.

कोरफडीच्या एकाच पानात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. मधला पारदर्शक गर, ज्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आणि सालीच्या आतल्या अंगाला असलेला पिवळा, कडूजहर चीक. पान कापल्यावर बोटांना लागतो आणि वाळून तपकिरी पडतो तो हाच. तो आटवून वाळवला की काळा बोळ होतो. चिकातलं अलोइन हे जुलाब लावणारं द्रव्य मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, त्याने आतडं डिवचलं जातं आणि पाणी सुटतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून सकाळच्या रसाचा मुरडा दुपारनंतर येतो आणि दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांमधून कोरफडीचा चीक हद्दपार केला, कारण तो सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिलीच नव्हती.

गर घ्यायचाच असेल तर असा काढा. बाहेरच्या बाजूचं जाड, जुनं पान बुंध्याशी कापा. कापलेलं तोंड खाली करून ग्लासात १५-२० मिनिटं उभं ठेवा, चीक ओघळून जाईल. मग बुडाचा पांढरट भाग इंचभर आणि शेंड्याचा निमुळता भाग दोन ते चार इंच सरळ टाकून द्या. कडेचे काटे काढा आणि साल बटाट्यासारखी पातळ न सोलता सुरी जरा खोलवर घालून काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं. गर वाया जाऊ नये म्हणून सालीला लगटून खरवडतात आणि नेमका चीक त्यातच येतो. फोडी वाहत्या पाण्यात बुळबुळीत पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. एक फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर पुन्हा धुवा, तरीही कडू असेल तर टाका. मात्र कडू लागत नाही म्हणजे अलोइन शून्य, असंही नाही. घरी ते मोजता येत नाही. पोटात घेण्याची सर्वमान्य अशी मात्रा ठरलेली नाही. एखाद्या चमच्याने सुरुवात करा, पातळ शौचाला झाली की बंद. कापलेला गर लालसर पडत जातो, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

शेताच्या बांधावरचा घायपात कोरफड समजून आणू नका. त्याचं पान चिवट, धागेदार असतं, टोकाला सुईसारखा काटा असतो, आणि त्याच्या रसाने तोंडाची आग होते.

लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठीचं डिगॉक्सिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर चिकाच्या वाटेलाच जाऊ नये. नुसत्या बद्धकोष्ठाला इसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी, हा कितीतरी बरा उपाय.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. कोरफडीचा बाटलीतला रस ३० मिली दोनदा घेतल्यास साखर उतरते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलं आहे. पण त्या चाचण्या लहान, काही आठवड्यांच्या, आणि प्रत्येकीत कोरफडीचा प्रकार निराळा. एवढ्यावर गोळी कमी करता येत नाही. उलट ग्लिमेपिराइडच्या जोडीला काहीही साखर उतरवणारं घेतलं तर ती फार खाली जाण्याची भीती असते. घाम, थरथर, एकदम भूक लागली तर लगेच साखर तपासा आणि डॉक्टरांना रसाबद्दल सांगा.

बाटलीवर 'इनर लीफ' (नुसता आतला गर) की 'होल लीफ' (अख्खं पान) ते वाचा. अख्ख्या पानाचा रस कोळशातून गाळून अलोइन काढलेलं असावं लागतं. पोटात घ्यायच्या पदार्थांत ते १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या आत असावं, असा या धंद्यातल्यांचाच दंडक आहे. घटकांमध्ये साखर किंवा मध लिहिला असेल तर मधुमेह्याने ती बाटली घेऊच नये. ऑपरेशन ठरलं असेल तर रस दोन आठवडे आधी बंद करा. काही महिने घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या थोड्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर थांबा. बहुतेकांचं यकृत नंतर पूर्ववत होतं.

प्रश्न : कोरफडीने कर्करोग होतो असं वाचलं. आता तोंडालाही लावायची नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही बातमी अमेरिकेतल्या उंदरांवरच्या प्रयोगातून आली. चीक न काढलेला अख्ख्या पानाचा अर्क पाण्यातून दोन वर्षं दिल्यावर मोठ्या जातीच्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. लहान जातीच्या उंदरांत मात्र झाल्या नाहीत. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अख्ख्या पानाच्या अर्काला '२ बी' गटात, म्हणजे 'शक्यता आहे' अशा यादीत टाकलं. माणसांत पुरावा नाही. निवळ गर चेहऱ्याला लावण्याचा याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : आठ महिन्यांच्या नातवाला खोकला झाल्यावर कोरफड भाजून, तिचा रस मधातून देऊ का? आमच्याकडे पूर्वापार देतात.
– एक आजी, सातारा

उत्तर : देऊ नका. भाजल्याने चीक निघून जात नाही, आणि तान्ह्याला जुलाब लागले तर अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको, त्यातून बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो. बाळ जोरजोरात श्वास घेत असेल, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील किंवा दूध घेत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.