उत्तर इटलीत खाण्यासाठी फिरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे) : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं दहा दिवस उत्तर इटलीला जातोय, तेही केवळ खाण्यासाठी. मिलान, तोरिनो, जेनोवा, पार्मा, मोदेना, बोलोन्या, वेरोना, व्हेनिस अशी आठ शहरं काढली आहेत. क्रम कसा लावावा?

उत्तर : क्रम लावण्याआधी यादी कापा. आठ शहरं दहा दिवसांत बसतात, पण मग जेवणाची वेळ बॅगा ओढण्यात जाते. या भागात दर पन्नास किलोमीटरवर खाणं बदलतं आणि प्रत्येक गावाचा पदार्थ त्या गावातच नीट मिळतो. बोलोन्यात पेस्तो (जेनोवाची बेसिलच्या पानांची चटणी) आणि व्हेनिसमध्ये रागू (बोलोन्याचा मांसाचा सॉस) मागवणं म्हणजे जेवण वाया घालवणं. प्रत्येक मुक्कामाला निदान तीन-चार जेवणं मिळाली पाहिजेत.

आमचा सल्ला : मिलानला उतरून थेट तोरिनो, तिथे २ रात्री, मग बोलोन्यात ५ रात्री, शेवटी व्हेनिसमध्ये २ रात्री. जमलं तर परतीचं विमान व्हेनिसहूनच घ्या. मिलान ते तोरिनो वेगवान गाडीने तासाभराचा प्रवास, तोरिनो ते बोलोन्या सुमारे अडीच तास, बोलोन्या ते व्हेनिस दीड तास. पार्मा, मोदेना आणि फेरारा या तिन्ही गावांना बोलोन्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मोदेना तर प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासावर आहे. पैकी वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. प्रादेशिक गाड्यांना आगाऊ आरक्षण लागत नाही, पण छापील तिकिटावर चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारावाच लागतो आणि ऑनलाइन तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. ते राहिलं तर तिकीट हातात असूनही दंड होतो.

ऑक्टोबर चांगला निवडलात. भोपळा, पोर्चिनी अळंबी आणि तोरिनोच्या दक्षिणेला आल्बा गावात पांढरी ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी), सगळं त्याच सुमारास येतं. वार मात्र जुळवून घ्या. तोरिनोचा पोर्ता पालात्सोचा प्रचंड बाजार रविवारी बंद असतो. व्हेनिसच्या रिआल्तोचा मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी भरत नाही. बऱ्याच छोट्या खानावळी रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात. बोलोन्यात मोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात तेव्हा हॉटेलांचे दर दुपटीवर जातात, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी तिथले दर पाहा. कधी ऑगस्टमध्ये जायचं मनात आलं, तर १५ तारखेच्या आगेमागे मालक मंडळीच सुट्टीवर असतात, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न (नाशिक) : आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मी अंडं खातो. आमचं भागेल का?

उत्तर : तुमचं सहज भागेल, आईंचं विचारून-विचारून भागेल. मांसाचा तुकडा ताटात दिसतो, तो टाळता येतो. अडचण होते ती न दिसणाऱ्या पाच गोष्टींची.

पहिली, चीज. पार्मिजानो रेज्जानोच्या (पार्मेझान चीजच्या) नियमांतच वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं द्रव्य, वापरण्याची अट आहे, त्यामुळे त्याचा शाकाहारी प्रकार असूच शकत नाही. ग्राना पादानो आणि गोर्गोन्झोला यांतही प्राणिज रेनेट असतं. इतर चीजच्या पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ लिहिलेलं असेल तर ते चालेल. मास्कारपोने आम्ल घालून केलेलं असतं, त्यात रेनेट लागत नाही. प्राणिज रेनेटचं चीज चालवून घ्यायचं की नाही, हे घरीच ठरवून निघा. टेबलावर बसून ठरवायला गेलात तर रोजचं जेवण तणावात जाईल.

दुसरी, रस्सा. रिझोत्तो, म्हणजे मऊसर शिजवलेला भात, भाजीचा दिसला तरी बहुतेकदा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो. मिलानच्या केशरी रिझोत्तोत तर परंपरेनं हाडातला मगज घालतात. ‘ब्रोदो वेजेताले?’, म्हणजे रस्सा भाजीचा आहे का, एवढं विचारा.

तिसरी, डुकराची चरबी, म्हणजे ‘स्त्रुत्तो’. मोदेनाचा तळलेला न्योक्को फ्रित्तो, रोमान्या भागातली पोळीसारखी पियादिना, तोरिनोच्या खुसखुशीत ग्रिस्सिनी काड्या, हे सगळं नुसत्या मैद्याचं वाटतं, पण यांत ती बऱ्याचदा असते. पियादिना आता ऑलिव्ह तेलाचीही मिळते. ‘सेन्त्सा स्त्रुत्तो?’ विचारा.

चौथी, अँचोवी मासळी. तोरिनोकडच्या बान्या काउदा या गरम चटणीत भाज्या बुडवून खातात, पण चटणीचा आधारच लसूण, तेल आणि अँचोवी. पाचवी, प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, आणि ते पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात हमखास असतं.

अंड्याचं म्हणाल तर बोलोन्या-पार्माच्या एमिलिया भागातला ताजा पास्ता साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं अशाच प्रमाणात मळतात. आईंसाठी ‘पास्ता सेक्का’, म्हणजे वाळवलेला पास्ता मागा. तो बहुतेकदा रवा आणि पाण्याचाच असतो. तो ‘आल पोमोदोरो’, टोमॅटोच्या साध्या सॉसमध्ये, वर चीज न घालता मागवावा. तिरामिसूत कच्चं अंडं असतं. आइस्क्रीमच्या दुकानात ‘सोर्बेत्तो’ म्हणजे फळं, साखर आणि पाणी.

आता आनंदाची गोष्ट. फारिनाता हा छोल्याच्या पिठाचा, पाणी, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेला पदार्थ आहे; आपल्या जाडसर धिरड्यासारखा, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ. तो मूळचा जेनोवाचा, पण तोरिनोच्या पिझ्झेरियांतही मिळतो. गरमच खायचा, वर फक्त मिरपूड. शिवाय मक्याच्या पिठाचा भाजलेला पोलेंता, जाळीवर शेकलेली रादिक्यो ही कडू-गोड पालेभाजी आणि मारिनारा पिझ्झा, ज्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो असतं, चीज नसतं. तुमच्यासाठी सारण भरलेल्या पास्त्याचे दोन प्रकार : पार्माचे पालेभाजी आणि रिकोत्ता चीजचे तोर्तेल्ली आणि फेराराचे भोपळ्याचे काप्पेलाच्ची. काप्पेलाच्ची लोणी आणि सेजची पानं घालून मागा, कारण तिथे ते रागू घालूनही देतात.

प्रश्न (कोल्हापूर) : मांसाहार करतो, पण गोमांस आणि डुकराचं मांस नाही. बोलोन्यात काय खावं?

उत्तर : बोलोन्याचे दोन्ही मानाचे पदार्थ तुमच्यासाठी बाद होतात, हे आधीच सांगतो. रागूत गोमांस आणि डुकराचा पान्चेत्ता असतो. रश्शातल्या तोर्तेल्लीनींच्या (सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या) सारणात डुकराची कंबर, प्रोशुत्तो (डुकराच्या मांडीचं मुरवलेलं मांस) आणि मोर्तादेल्ला. मोर्तादेल्लाही डुकराचंच. रागूशिवाय ताल्यातेल्ले, म्हणजे फितीसारखा चपटा पास्ता, मात्र अवश्य खा, पोर्चिनी अळंबी घालून. शिजवल्यावर त्याची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असं तिथल्या व्यापारी मंडळानं १९७२ साली नोंदवून ठेवलं आहे. दुसऱ्या फेरीला ‘पोल्लो’ म्हणजे कोंबडी, ‘फाराओना’ म्हणजे गिनी कोंबडी, ‘कोनील्यो’ म्हणजे ससा. व्हेनिसकडे बदकाच्या रश्शातला जाड बीगोली पास्ता मिळतो. सॉसच्या फोडणीत पान्चेत्ता आहे का, ते प्रत्येक वेळी विचारा.

प्रश्न (नागपूर) : पार्मिजानो आणि बाल्सामिक व्हिनेगर तयार होताना पाहायचं आहे. कसं जमवावं?

उत्तर : चीजचा कारखाना, ‘काझेइफीचो’, सकाळीच पाहायचा. साडेआठपर्यंत पोहोचलात तर सगळं दिसेल; दहानंतर नुसती धुतलेली भांडी आणि गोदाम उरतं. बहुतेक कारखाने गावाबाहेर शेतांत आहेत, बस वेळेवर मिळेलच असं नाही. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा किंवा वाहनासह सहल घ्या. भेटीची वेळ काही आठवडे आधी ईमेलने पक्की करा आणि इंग्रजीत माहिती मिळेल का, तेही विचारा.

आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात आणि त्यात सकाळचं सायीसकट दूध मिसळतात. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या हंड्यात विरजण आणि रेनेट घालून दूध फाटलं की मोठ्या तारेच्या घुसळणीने ते तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. तळाशी बसलेला गोळा दोघं जण कापडात उचलून त्याचे दोन भाग करतात, तो क्षण चुकवू नका. चीजच्या एका चाकाला सुमारे ५५० लिटर दूध लागतं आणि पिकल्यावर त्याचं वजन ४० किलोच्या आसपास भरतं. पुढे मिठाच्या पाण्यात सुमारे तीन आठवडे, मग फळ्यांवर किमान १२ महिने. शेवटी तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून आवाजावरून आतली पोकळी ओळखतो.

चाखताना १२, २४, ३६ महिने असाच क्रम ठेवा. पहिलं दुधाळ लागतं, दुसऱ्यात दाताखाली पांढरे कण येतात, तिसरं कोरडं आणि तिखटसर. ३६ महिन्यांचं आधी खाल्लंत, तर १२ महिन्यांचं बेचव वाटेल.

दुपारी मोदेनाच्या आसपासची ‘आचेताया’, म्हणजे बाल्सामिक व्हिनेगर मुरवण्याची जागा, पाहा. खरं ‘त्रादित्सिओनाले’ फक्त द्राक्षांच्या आटवलेल्या रसाचं असतं. लहान-लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांच्या रांगेत ते किमान १२ वर्षं मुरतं, २५ वर्षं झाली की ‘एक्स्त्रावेक्यो’ म्हणवतं. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढतात आणि प्रत्येक पिंप त्याच्या आधीच्या मोठ्या पिंपातून भरतात. पिंपं माळ्यावरच ठेवतात, कारण उन्हाळ्याची तापवणारी उष्णता आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही हवी असतात. दुकानातलं स्वस्त ‘आय-जी-पी’ (भौगोलिक ओळखीचा शिक्का असलेलं) म्हणजे द्राक्षरसात वाइनचं व्हिनेगर मिसळून किमान ६० दिवस ठेवलेलं. सॅलडला ते उत्तम. १२ वर्षांचं मात्र ४०-५० युरोपासून पुढे, ठरावीक गोल पोटाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत. ते शिजवू नका. चीजच्या तुकड्यावर किंवा स्ट्रॉबेरीवर चार थेंब पुरेत.

प्रश्न (ठाणे) : ओळखीच्यांना बिलात न मागितलेली रक्कम लागली आणि दुपारी चारला कुठेच जेवण मिळालं नाही. हे नेहमीचं आहे का?

उत्तर : दोन्ही नेहमीचंच. ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी टेबल आणि पावाचं शुल्क, साधारण दीड ते तीन युरो, मेन्यूवर लिहिलेलं असतं. त्यावर टिप द्यायची गरज नाही. स्वयंपाकघर साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर चालू असतं, मध्ये बंद. आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर बाजारातून पाव-फळं घेऊन ठेवा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो.

प्रश्न (पणजी) : आम्ही मासळी खाणारे. व्हेनिसमध्ये काय चुकवू नये?

उत्तर : मोठ्या रेस्टॉरंटपेक्षा ‘बाकारो’ धरा, म्हणजे वाइनची छोटी दुकानं, जिथे काउंटरवर ‘चिक्केत्ती’, म्हणजे घासभर खाण्याचे छोटे पदार्थ, मांडलेले असतात. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी सहानंतर जा. दोन-तीन खाऊन पुढच्या दुकानात जायचं. ‘सार्दे इन साओर’ पहिलं मागा : तळलेल्या तारल्या, भरपूर कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोजे. मुरवून खायचा पदार्थ आहे, आदल्या दिवशी केलेलाच चांगला. ‘बाकाला मान्तेकातो’ म्हणजे वाऱ्यावर वाळवलेला कॉड भिजवून, शिजवून, तेल घालत मलईसारखा घोटलेला, भाजलेल्या पोलेंतावर देतात.

रेस्टॉरंटमध्ये अख्खा मासा मागवताना दरापुढे ‘एत्तो’ लिहिलंय का ते बघा. तो दर १०० ग्रॅमचा असतो. ८ युरो वाचून मागवलेला ८०० ग्रॅमचा मासा ६४ युरोला पडतो. आधी वजन करून दाखवायला सांगा, तसं विचारणं तिथे गैर मानत नाहीत. आणि २०२४पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांना व्हेनिसमध्ये प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ असतं, मात्र सूट घेण्यासाठी ऑनलाइन नोंद करावी लागते.

प्रश्न (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर) : परत येताना काय आणावं?

उत्तर : त्रादित्सिओनालेची १०० मिलिलिटरची बाटली द्रवपदार्थांच्या मर्यादेत बसते, ती पारदर्शक पिशवीत घालून हातातल्या सामानातच ठेवा. तोरिनोची हेझलनटची ‘जान्दुयोत्ती’ चॉकलेटं उन्हात लगेच मऊ पडतात, तीही केबिनमध्येच. पोलेंताचं पीठ आणि वाळवलेला पास्ता मोठ्या बॅगेत. पास्ता घेताना ‘त्राफिलाता अल ब्रोन्झो’ लिहिलेला घ्या. काशाच्या साच्यातून काढल्यामुळे तो खरखरीत असतो आणि घरच्या साध्या टोमॅटोच्या सॉसलाही धरून राहतो.