छोट्या गावाला स्वतःची ओळख कशामुळे मिळते, ते पुढं कशानं जातं?

माझ्या मते कमावलेला पैसा गावातच जिरवणारी माणसं लागतात. आमच्या खान्देशातलं अमळनेर बघा, प्रताप शेठजींनी गिरणी काढली आणि त्यातला पैसा शाळा, कॉलेज, १९१६ च्या तत्त्वज्ञान मंदिरात (तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था) घातला, साने गुरुजी तिथल्याच हायस्कूलात मास्तर होते. विप्रो पण १९४५ ला इथंच वनस्पती तुपापासून सुरू झाली, तिचे जुने शेअर जपून ठेवणारी घरं पार वर आली (हे तर जगजाहीर आहे). शिवाय वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, बाहेर गेलेली पोरं तेव्हा घरी येतात. आता त्यांना जळगाव-धुळ्यातच नोकरी मिळायला हवी, नाहीतर शिकून सगळी पुण्याला, सुरतला पळतात.