रेंज सोप्यात आहे, माजघरात नाही

पावसाळा लागला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य असतं, ‘नेट स्लो चालतंय.’ कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, वायरीवर की मोबाईलवर, हे ज्यांनी लिहिलं त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. बाकीच्यांनी रागावू नये. कागद-पेन घेऊन घरभर एक फेरी मारावी आणि पुन्हा लिहावं.

ताई, आमचं जुनं दगडी घर आहे. राउटर पुढच्या सोप्यात आहे. तिथे नेट झकास चालतं, माजघरात अडखळतं आणि मागच्या परड्याकडच्या खोलीत मुलीचा क्लास सारखा तटतो. नेटवाल्याला तीनदा बोलावलं. तो सोप्यात उभा राहून मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि जातो. शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा करू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

थांबा, पैसे घालवू नका. नेटवाला खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही. तो सोप्यातलं नेट दाखवतो, तुम्ही परड्यातलं मागताय. प्लॅनचा आकडा रस्त्यावरून तुमच्या राउटरच्या बॉक्सपर्यंत येणाऱ्या लाईनचा असतो. तिथून पुढे हवेतून काय पोचतं ते भिंती ठरवतात. विहिरीवर मोटर मोठी बसवली म्हणून फुटक्या पाटातून शेवटच्या सरीला पाणी जास्त जात नाही, हे कोल्हापुरात मी सांगायला नको.

आधी खात्री करा. एकच मोबाईल घेऊन सोपा, माजघर, परड्याची खोली अशा तिन्ही ठिकाणी दोन-दोनदा स्पीड बघा आणि लिहून ठेवा. मग लॅपटॉप लॅन वायरीनं थेट बॉक्सला जोडा. वायरीवर शंभरच्या आसपास आणि परड्यात आठ-दहा आलं, तर दुखणं घरातल्या हवेतलं. वायरीवरच वीस आलं, तर नेटवाल्याला चौथ्यांदा बोलवा आणि तो कागद त्याच्या हातात द्या. माझ्या स्कूटरच्या डिकीत दोन मीटरची लॅन वायर कायम असते ती याचसाठी. निम्मी भांडणं तिनंच मिटतात.

तुमच्या पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, काळ्या दगडाच्या. वाय-फाय दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी सावकाश पण लांब जाते. ५ गिगाहर्ट्‌झची सुसाट, पण अशा एका भिंतीत गारद होते. वाटेत लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्यानं भरलेलं पिंप असेल तर विचारूच नका. मागच्या वर्षी तुमच्याच भागात एका पैलवानांच्या घरी गेले होते. राउटर शोकेसमध्ये, आजोबांनी मिळवलेल्या चांदीच्या गदेमागे! लुकलुकणारा दिवा बरा दिसत नाही म्हणून वहिनींनी तो तिथे सारलेला. गदा जागची हलवायची नाही असा घरचा दंडक, मग राउटरच बाहेर काढून वर तुळईच्या खिळ्याला टांगला. माजघरात लगेच फरक पडला. परड्यात नाही.

परड्यासाठी तिथे वायर ओढावी लागली, तुम्हालाही ओढावी लागेल. प्लगमध्ये खोचला की झालं म्हणून लोक रिपीटर घेतात. माझं मत विचाराल तर दगडी घरात तो घेऊ नका. रिपीटर ऐकलेलं पुढे सांगतो. भिंतीपलीकडे त्यालाच धड ऐकू येत नसेल तर तो सांगणार काय? शिवाय साधा रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि बोलतो, त्यात स्पीड निम्म्यावर येतो. मेशचे डबे, म्हणजे घरभर ठेवून एकच वाय-फाय पसरवणारे, चांगले, पण महाग, आणि मध्ये वायर नसेल तर त्यांचंही रडगाणं हेच.

कॅट-६ जातीची लॅन वायर आणा. अस्सल तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात गळ्यात मारतात. अस्सल कॅट-६ १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला बहुतेक वीस मीटर पुरेल. दगडात भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका, चौकटीच्या कोपऱ्यातून न्या. आणि वायर पलीकडे गेल्यावरच पीन क्रिंप करा (दाबून बसवा), नाहीतर त्या पिनेसाठी भोक चौपट करावं लागतं.

पलीकडच्या टोकाला जुना राउटर लावा. त्याआधी त्या एकट्याला लॅपटॉप जोडून त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. सोप्यातल्या बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याला पहिले तीन आकडे तेच असलेला, पण बॉक्स मोबाईल-लॅपटॉपना वाटून देत नाही असा पत्ता द्या, उदाहरणार्थ बॉक्सचं वाटप २०० पर्यंत असेल तर १९२.१६८.१.२५०. मग याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघं वाटायला लागले की मोबाईलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते आणि काहीच उघडत नाही. शेवटी बॉक्सकडून आलेली वायर याच्या वॅनच्या नव्हे, लॅनच्या भोकात खोचा. इथेच सगळे चुकतात, कारण वॅनचं भोक वेगळ्या रंगाचं असतं आणि हात आपोआप तिकडे जातो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सोप्यातलाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा. २.४ च्या पट्टीवर १, ६ आणि ११ हे तिघे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. सोप्यात १ असेल तर परड्यात ६ किंवा ११.

प्लॅन २०० चा आहे. लॅपटॉप वायरीनं जोडूनही ९४ च्या वर जात नाही. आधी १९० यायचं. कंपनी म्हणते आमच्याकडून सगळं ठीक आहे.
– एक वाचक, राजारामपुरी

९४ लिहिलंत हे फार बरं केलंत. ‘निम्मं येतं’ एवढंच लिहिलं असतं तर मलाही कळलं नसतं. १०० च्या वेगानं बोलणाऱ्या वायरीवर वरखर्च वजा जाता हातात साधारण ९४-९५ च येतं. म्हणजे तुमची वायर किंवा भोक १०० वर अडकलंय. लॅन वायरीत आठ तारा असतात. १००० च्या वेगाला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली तर नेट बंद पडत नाही, नुसतं गुपचूप १०० वर उतरतं. लॅपटॉपवर इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसला तर आधी वायर बदला. दारात चेपलीये का तेही बघा, माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींत बिजागरीच जास्त वेळा सापडली आहे. आधी १९० येत होतं, त्यामुळे राउटरचं भोकच १०० चं असण्याची शंका नाही, मध्यंतरी राउटर बदलला नसेल तर.

जाता जाता: फाईल उतरवताना २५ दिसतं म्हणून घाबरू नका. ते मेगाबाइट, प्लॅनचा आकडा मेगाबिटचा. २०० ला ८ नं भागा.

पाऊस लागला की बॉक्सवरचा लाल दिवा लुकलुकतो. बंद-चालू केलं की कधी येतं, कधी नाही.
– एक वाचक, कसबा बावडा

तो दिवा एलओएसचा असणार. फायबरमधून येणारा प्रकाश बॉक्सपर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या घरातलं कुठलंही सेटिंग त्याला बरं करू शकत नाही, तेव्हा बंद-चालू करण्यात जीव काढू नका. घरात बघण्यासारखं एकच: बॉक्समागची पातळ फायबर कपाटाखाली चेपली किंवा खिळ्याला करकचून गुंडाळली आहे का? तिचं वळण बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका. हिरवी पीन उपसून तिच्यात डोकावू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला चांगला नाही.

हे ठीक असेल तर पाणी बाहेर कुठेतरी जॉइंटमध्ये शिरतंय. तक्रार करताना ‘नेट जातं’ म्हणू नका. ‘पावसात एलओएस लाल होतो, पॉवर मोजा, खांबावरचा जॉइंट उघडून बघा’ असं म्हणा. मोजताना आकडा उण्यात येतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७ पलीकडे गेला की बॉक्स आंधळा होत जातो. आणि माणूस कोरड्या दिवशी आला तर आकडा चांगलाच येणार, म्हणून पाऊस चालू असतानाच बोलवा. येईलच असं नाही, पण म्हणून बघा.

वर्कशॉपमध्ये लेथ चालू केला की राउटर बंद होऊन परत सुरू होतो.
– एक वाचक, उद्यमनगर

दादा, मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं आणि थकलेला ॲडाप्टर तेवढंही झेलत नाही. आधी ॲडाप्टर बदला: व्होल्ट पाठीवर लिहिलेत तितकेच, अँपिअर तितके किंवा जास्त. पिनेची प्लस-मायनसही तीच बघा. तरीही होत असेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या. लाईट गेल्यावरही कामाला येईल.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड विसरलोय. मागच्या भोकात पीन टोचून रिसेट करू का?
– एक वाचक, उचगाव

करू नका. निदान आज तरी.

फुलेवाडीत माझी बहीण राहते. शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे जेवायला गेले होते. नेट अडखळत होतं, आणि घरात मी असताना कुणाला फोन कशाला करायचा, या तोऱ्यात तिच्याच पदराची पीन काढून दहा सेकंद टोचली. राउटर कोरा करकरीत झाला. त्यात नेटवाल्यानं भरलेला आयडी आणि पासवर्डही गेला, जो त्या घरात कुणालाच माहीत नव्हता. रविवारी ऑफिस बंद. सोमवारी अकराला फोन लागेपर्यंत भावजींनी मॅच मोबाईलच्या डेटावर बघितली आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. अडखळण्याचं कारण शेवटी काय निघालं? सैल झालेला ॲडाप्टर.

तेव्हा आधी राउटरच्या पोटाखालचं स्टिकर बघा, सुरुवातीचा पासवर्ड तिथे छापलेला असतो आणि बऱ्याच घरांत तो कुणी बदललेलाच नसतो. आत गेलात की तो बदला, आणि वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा ३ वर आहे ना तेही बघा. स्टिकरवरचा चालला नाही, तर नेटवाल्याला फोन करून पीपीपीओई (आयडी-पासवर्ड भरून नेट जोडायची पद्धत) वापरत असाल तर त्याचा आयडी-पासवर्ड लिहून घ्या. तो कागद हातात आल्यावर पीन टोचा. बहिणीनं तो आता गॅसच्या पुस्तकात ठेवलाय.