मुलांना लिहिताना वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक कसा शिकवावा? (इयत्ता आठवी-नववी)

व्याख्या फळ्यावर लिहून देऊ नका. मुलं ती पाठ करतात आणि लिहायला बसली की पुन्हा तोच घोळ घालतात. त्यापेक्षा तीन वाक्यं द्या:

'कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे.'
'कळसूबाईसारखा ट्रेक दुसरा नाही.'
'साल्हेर हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे.'

पहिली दोन सोपी. तिसऱ्यावर वर्ग अडखळतो. चुकीचं आहे, म्हणजे मत असणार, असं बरीच मुलं म्हणतात. पण ते तपासता येतं, म्हणून ते वस्तुस्थितीबद्दलचंच विधान आहे, फक्त खोटं. (साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला; शिखरांत पहिला नंबर कळसूबाईचाच.) त्यामुळे 'खरं की खोटं?' असं विचारण्याऐवजी 'हे तपासणार कसं?' असं विचारा. नकाशा, मोजमाप, कागदपत्रं यांनी निकाल लागत असेल तर ते मत नाही.

मग खरी गंमत. 'सभेला तब्बल २०० लोक आले' आणि 'सभेला जेमतेम २०० लोक आले'. आकडा तोच, पण 'तब्बल' आणि 'जेमतेम'च्या आडून मत गुपचूप आत शिरलं! वर्तमानपत्रातली एक बातमी आणि एक अग्रलेख देऊन अशा शब्दांखाली रेघा मारायला सांगा. बातमीतही किती रेघा पडतात ते पाहून मुलं चाट पडतात.

आणि हो, मत लिहायला बंदी घालू नका, नाहीतर लेखन अगदी मिळमिळीत होतं. 'मला वाटतं' लिहिलं की पुढे 'कारण' आलंच पाहिजे, एवढी एकच अट ठेवा.