वडिलांचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, पण 15 मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. तरी जतहून मिरजेला न्यायचं का?

हो, आत्ताच निघा, सकाळची वाट पाहू नका. आपोआप ओसरलेला झटकाही अर्धांगवायूचा इशाराच असतो: मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी तेवढ्यापुरती सुटते, आणि मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या 48 तासांत सर्वांत जास्त असतो. वाटेत लक्ष ठेवा. हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का? डोळे मिटून दोन्ही हात 10 सेकंद समोर धरायला सांगा, एक हात खाली घसरतो का? साधं वाक्य म्हणताना जीभ जड होते का, भलतेच शब्द येतात का? अचानक तोल जाणं किंवा एका डोळ्यानं दिसेनासं होणं, हेही त्यातलंच. यातलं एक दिसलं तरी पुरे, 108 ला फोन करा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मिरज गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून तेल चोळण्यात किंवा सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावण्यात तो घालवू नका. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर आधी तीच विचारतात. पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका: गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिननं तो वाढू शकतो.

मधुमेह्यांमध्ये साखर फार उतरल्यावरही अशीच लक्षणं दिसतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर निघताना तपासा आणि आकडा डॉक्टरांना सांगा.