बॉक्स जेलीफिश नेमका कोणत्या वर्गातला?

प्रश्न : माझ्या जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात बॉक्स जेलीफिश ‘स्कायफोझोआ’ या वर्गात दिला आहे, तर मुलीच्या पुस्तकात त्याचा ‘क्युबोझोआ’ असा स्वतंत्र वर्ग आहे. यातले ग्राह्य कोणते? आणि अशा प्राण्यांची नावे ठरतात तरी कशी?
– एक वाचक, मेढा (जि. सातारा)

उत्तर : मुलीचे पुस्तक ग्राह्य धरावे; तुमचे पुस्तक त्याच्या काळच्या माहितीला धरूनच आहे. चौकोनी घंटेसारखे शरीर आणि तिच्या चार कोपऱ्यांतून लोंबणारी शुंडके असलेल्या या प्राण्यांना पूर्वी स्कायफोझोआमधला एक गण मानत असत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड वेर्नर यांनी त्यांची तळाला चिकटून राहणारी बाल्यावस्था, म्हणजे पॉलिप, बारकाईने अभ्यासली, तेव्हा खरा फरक ध्यानात आला. बहुतेक स्कायफोझोआंचा पॉलिप आडवा विभागत जातो आणि चवडीतून एकेक ताटली सुटावी तसे त्यातून लहान जेलीफिश सुटतात. बॉक्स जेलीफिशचा मात्र अख्खा पॉलिपच रूप पालटून एक जेलीफिश होतो. म्हणून वेर्नर यांनी 1973 मध्ये वेगळा वर्ग मांडला. केवळ रूपापेक्षा जीवनक्रमाला दिलेले हे महत्त्व मला फार मोलाचे वाटते.

नावांमागे कधी दुःखद घटनाही असते. जानेवारी 1955 मध्ये ऑस्ट्रेलियातील कार्डवेल येथे पाच वर्षांचा एक मुलगा जेलीफिशच्या दंशाने दगावला. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी तिथल्या पाण्यात जाळे टाकून शोध घ्यायला लावला आणि हाती लागलेला अनोळखी बॉक्स जेलीफिश प्राणिशास्त्रज्ञ रोनाल्ड साउथकॉट यांच्याकडे पाठवला. साउथकॉट यांनी 1956 मध्ये त्याला ‘कायरोनेक्स फ्लेकेरी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतला ‘हात’ आणि लॅटिनमधला ‘मृत्यू’ हे दोन शब्द जोडून प्रजातीचे (जीनसचे) नाव झाले, तर जातीच्या (स्पीशीजच्या) नावात फ्लेकर यांचे नाव राहिले.

आपण मेढ्याहून लिहिता, म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्या वेण्णा आणि कोयना नद्यांमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना विसाव्या शतकाच्या आरंभी गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्या प्रजातीचे जेलीफिश तोवर केवळ आफ्रिकेतलेच ठाऊक होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ म्हटले. यातला ‘लिम्नो’ म्हणजे तळे आणि ‘क्निडा’ म्हणजे अंगाला लागताच आग करणारी वनस्पती; दंशपेशी असलेल्या या साऱ्या प्राण्यांच्या ‘निडारिया’ या संघाच्या नावातही हाच शब्द आहे. वर्गाने मात्र हा सातारी जेलीफिश तुमच्या दोन्ही पुस्तकांतल्या वर्गांबाहेरचा, ‘हायड्रोझोआ’ या वर्गातला आहे.